एका गोळीची कुळकथा

न्यूयॉर्कचे डॉक्टर आयझॅक अ‍ॅडलर यांनी १९१२ साली फुप्फुसाच्या कर्करोगावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इतक्या विरळा रोगावर ग्रंथ लिहिण्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना आरंभीच द्यावे लागले. जगभरचे वैद्यकीय वाङ्मय धुंडाळून त्यांच्या हाती रोगी लागले ते सारे मिळून ३७४. आज याच रोगाने जगात दरवर्षी सुमारे अठरा लाख माणसे मरतात. दुसरा कोणताही कर्करोग इतक्यांचा बळी घेत नाही. एका शतकात असे काय झाले, याचे मुख्य उत्तर शाळकरी पोरसुद्धा देईल. ते उत्तर खरे आहे आणि या लेखात पुढे जे काही येणार आहे त्याने ते तसूभरही खोटे ठरत नाही. हे आधीच बजावून ठेवावे लागते, कारण या विषयात वंशाचे आणि रक्ताचे नाव काढणारे पहिले गृहस्थ सिगारेटचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले होते.

१९५० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहॅम यांनी, आणि सप्टेंबरात इंग्लंडमध्ये डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, रोग्यांच्या मुलाखती घेऊन धूम्रपान आणि हा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी दाखवून दिला. त्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आला तो सर रोनाल्ड फिशर यांच्याकडून. फिशर म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया त्यांनी घातला. केंब्रिजला ते आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक होते. पाईप ओढण्याचा त्यांना षौक होता. आणि ब्रिटिश तंबाखू उत्पादकांच्या स्थायी समितीचे ते सल्लागारही होते. १९५७ आणि १९५८ साली लिहिलेल्या पत्रांत त्यांनी अशी शंका काढली की, धुराने कर्करोग होतो असे कशावरून? ज्या जनुकामुळे माणसाला सिगारेटची तलफ येते त्याच जनुकामुळे त्याला कर्करोगही होत असेल! धूर बापडा निर्दोष, दोष रक्ताचा. पुरावा म्हणून त्यांनी जुळ्या भावंडांचे दाखले दिले: एकाच गर्भपेशीतून जन्मलेल्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा अधिक सारख्या असतात.

या तर्काला १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उत्तर दिले ते मला फार आवडते, कारण त्यात गणित थोडे आणि शहाणपण पुष्कळ आहे. सिगारेट ओढणाऱ्याला हा रोग होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या नऊपट आहे असे धरू. हा सारा फरक एखाद्या दडलेल्या जनुकाचा असेल, तर ते जनुक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या किमान नऊपट आढळले पाहिजे. असे जनुक कोणी दाखवावे. कोणी दाखवले नाही. सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक उतरतो हेही पुढे दिसले; जनुक काही सिगारेटबरोबर विझत नाही. १९६२ साली फिशर वारले. १९६४ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला आणि वाद मिटला.

तो मिटला हे चांगलेच झाले. पण जाता जाता आनुवंशाच्या विचारालाही डाग लागला. फुप्फुसाच्या कर्करोगात माणसामाणसांच्या घडणीचा काही भाग आहे काय, असे विचारणारा तंबाखूवाल्यांचा हस्तक तर नव्हे, अशी शंका येऊ लागली. गंमत अशी की २००८ साली तीन निरनिराळ्या संशोधक गटांना एकाच वेळी पंधराव्या गुणसूत्रावर एक जागा सापडली. तेथे निकोटीन जेथे जाऊन चिकटते त्या ग्राहींची जनुके आहेत. तेथे एका अक्षराचा फरक असलेला माणूस सरासरीने अधिक सिगारेटी ओढतो आणि त्याला कर्करोगही अधिक होतो. फिशर यांचे जनुक अखेर सापडले म्हणायचे! मात्र त्याचे बळ किरकोळ आहे, नऊपटीच्या आसपासही नाही. आणि ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याच्यात त्याचा प्रभाव दिसत नाही. शिवाय हा फरक युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळतो, पूर्व आशियात आणि आफ्रिकेत मात्र विरळा आहे.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. १९६०च्या दशकात जपानमध्ये शंभरातले ऐंशींहून अधिक प्रौढ पुरुष सिगारेट ओढत. तरी पुढची कित्येक वर्षे त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अमेरिकेतल्या पुरुषांहून कमी राहिले. हवाई बेटे आणि कॅलिफोर्निया येथील एक लाख ऐंशी हजारांवर माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवून २००६ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की, दिवसाला दहापर्यंत सिगारेटी ओढणाऱ्यांत गोऱ्यांचा धोका काळ्या अमेरिकनांच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि मूळच्या जपानी व लॅटिन अमेरिकन लोकांचा त्याहूनही कमी. हवाईचे मूळ रहिवासी काळ्यांच्या पंक्तीला. दिवसाला तीसहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत मात्र हे फरक जवळजवळ नाहीसे होतात. याचे एक कारण यकृतात आहे. निकोटीनचा निचरा करणारे एक विकर असते. त्याचे जनुक निकामी किंवा मंद असलेले लोक जपानात पुष्कळ. निकोटीन रक्तात रेंगाळते, तलफ उशिरा येते, झुरका कमी खोल जातो. एक सिगारेट म्हणजे एक सिगारेट हे दुकानदाराच्या हिशेबात खरे. शरीराच्या हिशेबात नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. हाँगकाँग, सिंगापूर, तैवान येथल्या डॉक्टरांना फार पूर्वीपासून एक कोडे पडले होते: चिनी बायका सिगारेट जवळजवळ ओढतच नाहीत, मग त्यांच्या फुप्फुसात हा रोग येतो कोठून? तोही बहुधा एकाच प्रकारचा, अ‍ॅडेनोकार्सिनोमा नावाचा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून उद्भवणारा आणि फुप्फुसाच्या कडेच्या भागात वाढणारा. जपानच्या हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची पाहणी १९८१ साली प्रसिद्ध केली आणि नवऱ्याच्या सिगारेटींनी बायकोचा धोका वाढतो हे दाखवले. कोड्याचा एक धागा सुटला. सारा गुंता नाही.

चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई या परगण्याची हकिगत तर विलक्षण आहे. तेथले पुरुष बहुतेक सारे ओढणारे, बायका जवळजवळ एकही नाही. तरी या रोगाने मरण्याचे प्रमाण दोघांत जवळपास सारखे, आणि बायकांचे तर साऱ्या चीनमध्ये वरच्या पायरीवर. संशोधकांनी प्रथम रक्ताकडे न पाहता घराकडे पाहिले, हे त्यांचे शहाणपण. घराच्या मधोमध खड्ड्यात कोळसा पेटवायचा, धुराडे नाही, आणि कोळसा स्थानिक खाणींतला, भयंकर धुराचा. त्याच परगण्यात जेथे लाकूड किंवा बिनधुराचा कोळसा जळे तेथे रोग कमी. १९७०च्या दशकापासून लोकांनी धुराडी बसवली. पुढे २१,००० वर माणसांची पाहणी झाली तेव्हा धुराडे असलेल्या घरांतील बायकांचा धोका सुमारे निम्म्याने उतरलेला दिसला. कोणी उतावळ्याने ‘श्वानवेईच्या लोकांचे रक्तच असे’ म्हणून वही मिटली असती, तर ती धुराडी बसली नसती.

वंश हा शब्द म्हणूनच फार जपून वापरावा लागतो. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू: पेऱ्यामागून पेर वाढत जाणारा. आपण त्यात रक्त, भाषा, कातडीचा रंग, स्वयंपाकघर आणि गरिबी असे सारे कोंबतो आणि मग त्यातून नेमके काय बोलते आहे हे ओळखू येत नाही. या घोळाची किंमत काय असू शकते, हे एका औषधाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसरीकडे कोठे दिसले नाही.

त्या औषधाचे नाव गेफिटिनिब. बाजारातले नाव इरेसा. त्याची कुळकथा उंदरांपासून सुरू होते. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन यांना असे दिसले की उंदराच्या लाळग्रंथींतला एक अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडतात आणि दातही लौकर येतात. १९६२ साली त्यांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले. हे द्रव्य पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका ग्राहीला चिकटते आणि पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देते. या कामासाठी कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कर्करोगाच्या पुष्कळ गाठींत हा ग्राही बेसुमार आढळतो. तेव्हा त्याचे तोंड बंद केले तर गाठ वाढायची थांबेल, अशा सरळ विचाराने अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ही गोळी तयार केली. केमोथेरपीसारखी सलाईनची बाटली नको, इस्पितळात राहणे नको. रोज एक गोळी.

पहिल्या मोठ्या प्रयोगातच एक विचित्र गोष्ट दिसली. जपानी रोग्यांपैकी शंभरात सत्तावीस-अठ्ठावीस जणांची गाठ आकसली. इतर रोग्यांपैकी शंभरात दहांची. ज्यांची आकसली त्यांत बायका अधिक, कधी न ओढलेले अधिक, अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे अधिक. जपान सरकारने ५ जुलै २००२ रोजी, जगात सर्वांत आधी, अर्जानंतर जेमतेम सहा महिन्यांत या गोळीला परवानगी दिली. वर्तमानपत्रांनी तिला स्वप्नातले औषध म्हटले. मरणाच्या दारातले लोक ती घेऊन उठून बसल्याच्या कथा खऱ्याही होत्या. पण काही रोग्यांच्या फुप्फुसांना या गोळीने उलट सूज आणली आणि ते थोड्या दिवसांत गुदमरून गेले. ऑक्टोबरात सरकारच्या आदेशावरून डॉक्टरांना तातडीची सूचना गेली. वर्ष संपेपर्यंत असे मृत्यू शंभरावर गेले होते. हा उपद्रव जपान्यांत अमेरिकनांपेक्षा पुष्कळच अधिक दिसला. म्हणजे जे लोक या गोळीने अधिक तरत होते त्यांच्यातच ती अधिक मारतही होती. मृतांच्या नातेवाइकांनी टोकियो आणि ओसाका येथे दावे लावले. २०११ साली खालच्या न्यायालयांत त्यांना अंशतः यश आले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. त्या खटल्याचा न्याय काय व्हायला हवा होता हे मी सांगू शकत नाही. पण नव्या औषधाचा आनंद किती घाईचा असू शकतो, हे त्या कुटुंबांइतके कोणालाही कळले नसेल.

अमेरिकेत मे २००३ मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली. तेथे शंभरात दहाच रोग्यांना गुण येई; पण ज्यांना येई त्यांना असा येई की डॉक्टर चकित होत. का, हे कोणालाच कळेना, कारण ग्राहींची संख्या मोजून काही उमगत नव्हते. २००४ साली अमेरिकेतल्या तीन गटांनी, बोस्टनमध्ये दोन आणि न्यूयॉर्कमध्ये एक, हे कोडे सोडवले. ग्राही किती आहेत हा मुद्दाच नव्हता. तो बिघडलेला आहे की नाही हा होता. काही गाठींत त्याच्या जनुकात एक छोटा तुकडा गळालेला किंवा एक अक्षर बदललेले होते. असा बिघडलेला ग्राही कोणी हुकूम देवो न देवो, सतत ‘वाढ, वाढ’ ओरडत राहतो, आणि गाठ सर्वस्वी त्याच्यावर जगते. त्याचे तोंड दाबले की ती कोसळते. बोस्टनच्या एका गटाने गुण आलेल्या नऊ रोग्यांच्या गाठी तपासल्या, आठांत हा बिघाड निघाला. गुण न आलेल्या सातांपैकी एकातही नाही. दुसऱ्या गटाने नागोयाहून आणलेल्या ५८ गाठी आणि अमेरिकन रोग्यांच्या ६१ गाठी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. जपानी गाठींपैकी १५ बिघडलेल्या. अमेरिकन गाठींपैकी एक.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. हा बिघाड आईबापांकडून येत नाही. तो जन्मानंतर, फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत होतो आणि त्या गाठीपुरताच असतो. वंशाने येत असेल तर तो बिघाड होण्याचा कल येतो, बिघाड नव्हे.

शोध लागला, पण वेळ टळली होती. जनुकाची तपासणी न करता सरसकट सर्व प्रकारच्या १,६९२ रोग्यांवर निर्गुण गोळीच्या तुलनेत जो प्रयोग चालू होता, त्याचा निकाल डिसेंबर २००४ मध्ये आला. एकंदर रोग्यांचे आयुष्य इरेसाने वाढले असे सिद्ध झाले नाही. कंपनीने युरोपातला अर्ज मागे घेतला. जून २००५ मध्ये अमेरिकन सरकारने नव्या रोग्यांना ती देणे जवळजवळ बंद केले. आकड्यांच्या पोटात मात्र दोन गट वेगळे बोलत होते: कधी न ओढलेले आणि आशियाई वंशाचे. आशियाई रोग्यांचे मधले आयुष्य निर्गुण गोळीवर साडेपाच महिने, इरेसावर साडेनऊ. पश्चिमेत औषध मेले, पूर्वेत जगले. ‘ही गोळी आशियाई लोकांची’ असे डॉक्टर बोलू लागले.

ते बोलणे अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे किती घातक असते हे हाँगकाँगच्या टोनी मॉक यांनी पूर्व आणि आग्नेय आशियातल्या सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगाने कळले. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी १,२१७ रोगी घेतले, सारे आशियातले, सारे अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे, कधी न ओढलेले किंवा फार थोडे ओढून सोडलेले. म्हणजे वंशावरून आणि सवयीवरून निवडायचे तर याहून योग्य रोगी मिळणे शक्य नाही. अर्ध्यांना इरेसा, अर्ध्यांना केमोथेरपी. दोन्हींचे आलेख सुरुवातीला एका बाजूने चालले आणि मग एकमेकांना छेदून गेले. असा आलेख पाहिला की संख्याशास्त्रज्ञ कान टवकारतो: येथे एका नावाखाली दोन रोग आहेत. ४३७ जणांच्या गाठी तपासता आल्या. त्यांतल्या शंभरातल्या साठांत तो बिघाड होता. त्यांच्यापैकी इरेसाने शंभरात एकाहत्तरांची गाठ आकसली, केमोथेरपीने सत्तेचाळीसांची. ज्यांच्यात बिघाड नव्हता, त्यांच्यापैकी इरेसाने शंभरात फक्त एकाची, केमोथेरपीने तेवीस-चोवीसांची. तेही आशियाईच होते, न ओढणारेच होते. आणि वंश पाहून गोळी दिल्याने त्यांचा रोग केमोथेरपीवर असलेल्यांपेक्षा कितीतरी लौकर वाढला. त्याच वर्षी युरोपने गोळी पुन्हा स्वीकारली, २०१५ साली अमेरिकेनेही; दोन्हीकडे एकच अट: गाठ तपासा. रोग्याचा देश विचारू नका.

हा देशाचा प्रश्न आपल्याशी फार जवळून येतो, कारण नकाशावर आपणही आशियातच आहोत. सात आशियाई ठिकाणच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या रोग्यांची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. हा बिघाड व्हिएतनाममध्ये शंभरात चौसष्ट, तैवानात बासष्ट, चीनमध्ये पन्नास, आणि भारतात बावीस. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ९०७ रोग्यांच्या गाठी तपासून २०१३ साली दिलेला आकडा शंभरात तेवीस होता. गोऱ्यांत तो दहा-पंधरा असतो. म्हणजे आपण दोहोंच्या मध्ये कोठेतरी, आणि ‘आशियाई’ म्हणून कोणी परळच्या रोग्याला आंधळेपणाने ही गोळी दिली असती तर चारांतल्या तिघांच्या बाबतीत चुकला असता. भारतात या औषधाचे पेटंट नाकारले गेले आणि देशी कंपन्यांनी ते बनवले, ही त्यातली एक बरी गोष्ट. टाटा रुग्णालयानेच बिघाड असलेल्या ३५० रोग्यांवर प्रयोग करून २०२० साली दाखवले की, गोळीच्या जोडीला केमोथेरपी दिली तर रोग पुन्हा डोके वर काढण्यापूर्वीचा काळ आठ महिन्यांवरून सोळांवर जातो. जोडीचा त्रासही अधिक होतो, हेही त्यांनी लपवले नाही.

प्रतिकारशक्तीची बाजू मी शेवटाकडे ठेवली, कारण ती कथा अजून लिहिली जात आहे. क्योटोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली संरक्षक पेशींवरचा एक लगाम सापडला. तो सैल केला की त्या पेशी गाठीवर तुटून पडतात. २०१५ पासून फुप्फुसाच्या कर्करोगावर ही औषधे आली आणि २०१८ साली होंजो यांना नोबेल मिळाले. पण ज्या गाठीत आपला तो बिघडलेला ग्राही आहे तिच्यावर ती बहुधा फारशी चालत नाहीत. सिगारेटच्या धुराने झालेल्या गाठीत शेकडो जनुकीय जखमा असतात आणि त्या प्रत्येकीमुळे संरक्षक पेशींना ती परकी वाटण्याची संधी मिळते. न ओढणाऱ्या बाईची गाठ मात्र एकाच बिघाडावर वाढलेली, जवळजवळ घरच्या माणसासारखी. पहारेकरी तिला हटकत नाहीत. परके कोण हे ठरवणारी जी जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत ती समाजासमाजांत जितकी निराळी असतात तितकी क्वचितच दुसरी. कधी न ओढलेल्या आशियाई स्त्रियांच्या २०१२ सालच्या मोठ्या पाहणीत धोक्याच्या नव्या जागांपैकी एक नेमकी तेथेच निघाली. आणि या नव्या औषधांच्या पहिल्या प्रयोगांत काळे अमेरिकन रोगी अगदी थोडे घेतले गेले होते, ज्यांच्यात हा रोग कमी सिगारेटींवरही येतो!

राहता राहिला तो कल, बिघाड होण्याचा. तो हवेतून येतो की हाडातून? याचे उत्तर अनपेक्षित दिशेने, दक्षिणेच्या अमेरिकेकडून येऊ लागले. पेरूमध्ये हा बिघाड पूर्व आशियाइतका आढळतो, अर्जेंटिनात गोऱ्यांपेक्षा थोडासाच अधिक. पेरूच्या लोकांत मूळ रहिवाशांचे रक्त अधिक, अर्जेंटिनात युरोपचे. आणि त्या मूळ रहिवाशांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी आशियातूनच उत्तरेच्या वाटेने तेथे गेले. (जगाला तंबाखू दिला तो त्यांच्याच वंशजांनी, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) २०२१ साली बोस्टनच्या त्याच जुन्या गटातल्या संशोधकांनी मेक्सिको आणि कोलंबियातील सहकाऱ्यांबरोबर १,१५३ गाठी तपासल्या. रोग्याच्या अंगात मूळ रहिवाशांचा अंश जितका अधिक तितका हा बिघाड अधिक, मग तो सिगारेट ओढो वा न ओढो. त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. रोग्याचे एकंदर रक्त किती मूळचे, या मोजणीपेक्षा त्याच्या गुणसूत्रांवरचे काही ठरावीक तुकडे मूळचे आहेत काय, ही मोजणी त्या बिघाडाशी अधिक जुळली. घरची चूल, गावची हवा, गरिबी यांचा संबंध माणसाच्या एकंदर वंशाशी जुळला असता. ठरावीक तुकड्यांशी जुळण्याचे त्यांना कारण नव्हते.